वेरूळची चित्रं लंडनला छापली, आपल्या भिंतीवर का नाहीत?

युरोपातल्या एका गॉथिक चर्चच्या जुन्या एचिंगचा फोटो सध्या आपल्या ग्रुपांवर फिरतोय. चित्र सुंदरच आहे, वाद नाही. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईने रेघा, मग ॲसिडने त्या रेघा खोल करायच्या. एवढ्यावर त्या उंच कमानींतला अंधार पकडायचा म्हणजे खायचं काम नाही. पण खालच्या कमेंटी वाचून डोकं फिरलं. म्हणे, असं बघायची नजर त्यांच्याकडेच, आपल्या लेण्यांचं कुणी असं काढलंय का?

काढलंय की राव! १८०३ साली लंडनमध्ये थॉमस डॅनियलने वेरूळची २४ चित्रं छापली, जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून. तंत्र तेच, तांबं आणि ॲसिड. फक्त रेघेसोबत सावलीचे थरही ॲसिडनेच उठवलेले. संचाच्या नावातच औरंगाबाद आहे! बिचारा वेल्स १७९५ मध्येच वारला.

आणि नजर 'त्यांचीच' म्हणणाऱ्यांनो, गंगाराम तांबट हे नाव ऐकलंय? पेशवाईतला पुण्याचा चित्रकार. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्याने वेरूळ काढलं, वेल्सच्याच काळात. ती चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आपल्या शहरातल्या किती चित्रकला शिक्षकांना हे नाव माहीत आहे, विचारून बघा.

'साहेबाचं आहे, फेकून द्या' म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. १० नंबरच्या लेण्यात, आपल्या सुतार की झोपडीत, मान वर करून बघा. छताला बरगड्या आहेत. गॉथिक छताच्याही बरगड्या असतात, पण त्या बांधकामाचा भार घेतात. आपल्या काहीच पेलत नाहीत, सुताराचं लाकूडकाम हौसेने दगडात कोरलंय. गॉथिकची चित्रं बारकाईने बघितली म्हणूनच हा फरक माझ्या लक्षात आला.

आता मुद्द्याचं. सोनेरी महालात राज्य पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे. तिथे आणि वेरूळच्या तिकीट खिडकीपाशी या चित्रांच्या मोठ्या प्रती लावा. दोनशे वर्षांपूर्वीची चित्रं, प्रताधिकाराचा प्रश्नच नाही. येल तर चांगल्या डिजिटल प्रती फुकट देतं. खर्च छपाईचा आणि चौकटींचा. स्वागताच्या एका फ्लेक्सवर नेत्यांचे जेवढे फोटो असतात, त्याहून कमीच चौकटी लागतील. आणि गंगारामचं नाव मराठीत, ठळक लिहा.