प्रशिक्षक बदलले, उतरंड तीच

भारतीय महिला हॉकी संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी शोर्ड मरिन परतले आणि जुनी तुलना पुन्हा सुरू झाली. मरिन श्रेष्ठ की यानेके शॉपमन? परदेशी माणूस बरा की हरेंद्र सिंग यांच्यासारखा देशी? आमच्या मते ही तुलना अर्धवट आहे.

आधी मैदानावरचा हिशेब पाहू. २०१६ मध्ये ३६ वर्षांनी ऑलिंपिकला गेलेला हा संघ रिओत शेवटचा, म्हणजे बारावा आला. टोकियोत मरिन यांच्या हाताखाली पहिले तीन सामने हरूनही त्याने उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला १-० ने हरवले आणि चौथा क्रमांक मिळवला. तेव्हा विश्लेषक प्रशिक्षक होत्या शॉपमन, २००८ च्या ऑलिंपिक सुवर्णविजेत्या डच खेळाडू. पुढे मुख्य प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी २०२२ मध्ये राष्ट्रकुल कांस्य आणि नेशन्स कप जिंकून दिला. मात्र जानेवारी २०२४ मध्ये रांचीत जपानकडून ०-१ ने हरल्यामुळे पॅरिस हुकले. हरेंद्र सिंग यांच्या काळात राजगीरला आशियाई चॅम्पियन्स करंडक मिळाला, पण २०२५ मध्ये संघ प्रो लीगमध्ये तळाला गेला. तिघांच्याही खात्यात जमा आहे आणि वजाही आहे.

आता पडद्यामागचा हिशेब. सप्टेंबर २०१७ मध्ये पुरुष संघाला प्रशिक्षक हवा होता, म्हणून महिला संघाचे मरिन उचलून तिकडे नेले. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुषांना पदक मिळाले नाही, तेव्हा त्यांना पुन्हा महिलांकडे पाठवले आणि महिलांचे हरेंद्र सिंग पुरुषांकडे गेले. दोन्ही वेळा निर्णय पुरुष संघाच्या सोयीने झाला. बाबासाहेबांनी जातीच्या संदर्भात सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता मैदानावर अशी दिसते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शॉपमन जाहीरपणे बोलल्या: स्त्री म्हणून इथे किंमत मिळत नाही, पुरुष प्रशिक्षकांना वेगळी वागणूक मिळते. हॉकी इंडियाने आरोप फेटाळला. काही दिवसांतच त्यांनी राजीनामा दिला. राणी रामपालला संघाबाहेर ठेवण्याच्या त्यांच्या निर्णयावर जरूर टीका व्हावी. पण त्या टीकेच्या आड हा आरोप गाडला जाऊ नये. ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेल्या युरोपियन बाईला हा अनुभव येत असेल, तर सिमडेगाच्या आदिवासी मुलीला किंवा रोशनाबादच्या दलित मुलीला काय येत असेल?

रोशनाबादचे उत्तर आपल्याला माहीत आहे. टोकियोत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल करून वंदना कटारिया ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारी पहिली भारतीय महिला हॉकीपटू ठरली. काही दिवसांतच संघ उपांत्य फेरीत हरला आणि तिच्या घरासमोर फटाके फुटले. दलित खेळाडू जास्त झाल्या म्हणून हरलो, अशी जातिवाचक शिवीगाळ झाली. जिंकलो की श्रेय गुरूचे, हरलो की दोष जातीचा! ३२० सामने खेळून तिने २०२५ मध्ये निवृत्ती घेतली.

म्हणून प्रशिक्षकाला तारणहार समजण्याची सवय आपण सोडली पाहिजे. राजकारणातल्या व्यक्तिपूजेबद्दल बाबासाहेबांनी संविधान सभेत दिलेला इशारा खेळालाही लागू आहे. १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली होती. तोच मापदंड इथे लावू या. मरिन किती पदके आणतात हे विचारूच. त्यासोबत हेही विचारू, की त्यांच्या संघातल्या मुली निवृत्तीनंतर प्रशिक्षक आणि निवड समितीच्या सदस्य होणार आहेत का? महिला संघाचा प्रशिक्षक पुन्हा मध्येच पळवला जाणार नाही याची हमी कोण देणार? जातीवरून शिवी पडली तर महासंघ तक्रारदार म्हणून उभा राहणार का?

आपल्या वस्तीतली एखादी मुलगी उद्या हातात स्टिक घेईल. तिला चांगला प्रशिक्षक हवाच, पण हरल्यावरही घरासमोर शांतता हवी. हे प्रश्न आपण विचारले नाहीत, तर दुसरे कोणी विचारणार नाही.

जय भीम!