गोचिडाचा ताप उतरला, तरी मूत्रपिंडाकडे लक्ष असू द्या

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील कितीतरी गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मागे उरतात ती वडीलधारी माणसे, शाळकरी नातवंडे आणि उंबऱ्याशी बसलेला कुत्रा. रात्रीची राखण त्याची आणि दिवसाची सोबतही त्याचीच. त्याच्या प्रकृतीची काळजी घेणे म्हणजे घराचीच काळजी घेणे होय. म्हणून आज गोचिडांपासून होणाऱ्या आजारांचा विचार करू आणि त्यांतून मूत्रपिंडांना पोहोचणारी इजा समजून घेऊ.

गोचीड केवळ रक्त शोषतो असे नाही. तो रक्तात सूक्ष्म जीवही सोडतो. त्यांपैकी एर्लिशिया आणि बबेसिया हे दोन प्रमुख. देशातील भटक्या व आश्रयगृहांतील श्वानांचे एक सर्वेक्षण 2011 साली प्रसिद्ध झाले. त्यात मुंबईचाही समावेश होता. तपासलेल्या श्वानांपैकी सुमारे एक-पंचमांशांत एर्लिशिया आढळला. सूक्ष्मदर्शकाखाली न दिसलेले अनेक संसर्ग अधिक सूक्ष्म चाचण्यांत उघड झाले. तेव्हा रक्ताच्या एका तपासणीत काही दिसले नाही, म्हणून संसर्ग नाहीच असे समजू नये.

या दोन्ही आजारांत मूत्रपिंडावर निरनिराळ्या वाटेने घाला पडतो. एर्लिशियाविरुद्ध लढताना शरीराने तयार केलेली संरक्षक द्रव्ये जंतूंच्या अंशांशी जुळून मूत्रपिंडाच्या अतिसूक्ष्म गाळण्यांत अडकतात. गाळणी सुजते आणि रक्तातील प्रथिने लघवीवाटे गळू लागतात. बबेसिया तांबड्या रक्तपेशी फोडतो. त्यांतील रंगद्रव्य लघवीत उतरून ती लालसर किंवा काळ्या चहासारखी दिसते. रक्त कमी झाल्याने मूत्रपिंडाला प्राणवायूही अपुरा पडतो. अशी लघवी दिसताच त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे जावे.

एर्लिशियाची इजा मात्र मूक असते. ताप उतरतो, कुत्रा भाकरी खाऊ लागतो आणि आपण निश्चिंत होतो. संसर्ग मात्र महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे शरीरात दबून राहू शकतो. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसते, तोवर मूत्रपिंडाची सुमारे तीन-चतुर्थांश कार्यशक्ती संपलेली असू शकते. लघवीतील प्रथिने त्याच्या बऱ्याच आधी दिसू लागतात. म्हणूनच रक्ताबरोबर लघवीही तपासून घ्यावी: एकदा आजाराच्या वेळी आणि पुन्हा उपचार संपल्यावर महिनाभराने. सकाळची लघवी लांब दांड्याच्या स्वच्छ, कोरड्या पळीत धरावी आणि झाकणाच्या बाटलीतून लवकरात लवकर दवाखान्यात न्यावी.

घरबसल्या पाहण्याची खूण म्हणजे तहान. आपल्याकडे उन्हाळा इतका कडक की कुत्रा जास्त पाणी पितो यात कुणालाच वावगे वाटत नाही. त्याचे भांडे वेगळे ठेवावे आणि त्यात मोजून पाणी ओतावे. दहा किलो वजनाचा कुत्रा दिवसाला एक लिटरहून अधिक पाणी रोज पीत असेल, रात्री लघवीसाठी उठत असेल, वजन घटत असेल, तोंडाला उग्र वास येत असेल, तर त्याचा दोष केवळ उन्हाला देऊ नये. मात्र टंचाई असली तरी त्याचे पाणी तोडू नये. दुखावलेल्या मूत्रपिंडाला पाण्याची गरज अधिक असते.

आता एक कळकळीची सूचना. आपल्या घरी गुडघेदुखीच्या गोळ्या असतातच. कुत्रा तापाने फणफणला की त्यातलीच अर्धी गोळी देण्याचा मोह होतो. कृपा करून तसे करू नका. डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेन कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांचे मृत मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली. त्यामुळेच 2006 साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. एर्लिशियावर पशुवैद्यक बहुधा डॉक्सिसायक्लिन साधारण 4 आठवडे देतात. बबेसियाचे औषध वेगळे असते. कुत्रा उठून बसला म्हणून गोळ्या मध्येच थांबवू नयेत.

गोचीड रोज शोधावेत: कानांत, मानेखाली, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. बोटांनी चिरडू नये, रॉकेल लावू नये. काढलेला गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाकून हात साबणाने धुवावेत. रक्ताने फुगलेली मादी अंगावरून उतरून भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. त्यामुळे दगडमातीच्या घरांत फटी लिंपून बुजवणे आणि कुत्र्याचे अंथरूण कडक उन्हात टाकणे हाही उपचारच आहे. गोठ्यासाठी आणलेले औषध अंदाजाने त्याला चोळू नये. ते चाटण्यात जाते. मूत्रपिंडाचा हा विकार कुत्र्यापासून माणसाला लागत नाही. तरीही स्वतःला गोचीड चावल्यानंतर ताप व पुरळ आल्यास डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

दवाखाना दूर असेल आणि घरात नेणारे कुणी नसेल, तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 या टोल-फ्री क्रमांकावर विचारावे. पुढील तपासण्यांसाठी परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालये आपल्याला जवळची आहेत. झिजून गेलेले मूत्रपिंड पूर्ववत होत नाही, पण झीज वेळीच कळली तर योग्य आहार आणि औषधांनी ती मंदावता येते. तेव्हा उद्या सकाळी त्याच्यापुढे पाणी ठेवताना ते मोजून ठेवा आणि संध्याकाळी किती उरले ते पाहा.