गर्वाचं घर खाली

ही म्हण आपण सगळ्यांनीच लहानपणी वहीत गिरवली आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, त्यामुळे ती मला बायबलच्या गोष्टींतूनही पुन्हा पुन्हा भेटली. त्यातली रहबामची गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. पण हॉस्टेलवाल्यांनी ती जरूर वाचावी.

शलमोन राजा वारला आणि त्याचा मुलगा रहबाम गादीवर बसायला निघाला. लोक एकच मागणं घेऊन आले : वडिलांनी लादलेलं कामाचं ओझं जरा हलकं करा. रहबामने तीन दिवसांची मुदत घेतली. दरबारातल्या म्हाताऱ्या मंडळींनी सल्ला दिला, की आज यांच्याशी गोड बोला, ही माणसं कायमची तुमची होतील. पण त्याच्याबरोबर लहानाचे मोठे झालेले दोस्त म्हणाले, तू बापापेक्षा कडक आहेस हे दाखवून दे! त्याने दोस्तांचं ऐकलं. परिणाम काय? बारा वंशांपैकी दहा फुटून निघाले, वेठबिगारीवरचा अधिकारी दगडांनी मारला गेला आणि राजेसाहेब रथात बसून यरुशलेमला पळाले.

गंमत बघा, योग्य सल्ला त्याला मिळाला होता, तोही आधी. तो फक्त आवडला नाही. माझ्या मते खरा गर्व हाच. छाती काढून चालणं परवडलं, पण आपल्याला हवं तेच बोलणारी माणसं भोवती जमवणं फार महागात पडतं.

हे फक्त राजांचं नाही. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेत इंजिनिअर सांगत होते, की एवढ्या थंडीत रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी ओ-रिंग दगा देतील. वरिष्ठांना उड्डाण हवं होतं. दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदांत 'चॅलेंजर' फुटलं, सात अंतराळवीर गेले.

कुणी म्हणेल, धाकाशिवाय शिस्त राहत नाही. रहबामलाही तसंच वाटलं होतं! धाकाने ज्युनिअर गप्प बसतो, आणि नेमकी सांगायची गोष्टही पोटात ठेवतो.

मित्रहो, आज आपला अधिकार फार तर ज्युनिअरवर, नाहीतर मेसच्या पोऱ्यावर चालतो. उद्या साइटवर पन्नास मजूर हाताखाली असतील. त्यातला एखादा म्हणेल, "साहेब, हे सेंटरिंग हलतंय." तेव्हा त्याचं ऐकायचं असेल, तर सवय आत्तापासूनच लावावी लागेल.