विमान तीन तासांचे, प्रवास चौदा तासांचा

"दुबई काय, तीन तासांवर आहे!" हे वाक्य आपल्या व्यापारी बांधवांच्या तोंडी नेहमी असते. १ मे २०२२ पासून भारत व संयुक्त अरब अमिरात यांच्यातील व्यापार करार अमलात आला. तेव्हापासून नमुन्यांची बॅग घेऊन तिकडे जाण्याचा विचार लहान कारखानदारही करू लागला आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण तीन तासांचा हा हिशेब अपुरा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुंबई ते दुबई हे हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. विमानाला तीन ते सव्वातीन तास लागतात. येताना वारा बहुधा पाठीशी असतो, म्हणून वेळ थोडा कमी लागतो. आता मालेगावच्या माणसाचा हिशेब मांडू. मालेगाव ते मुंबई रस्ता जेमतेम पावणेतीनशे किलोमीटर, म्हणजे हवाई अंतराच्या सातव्या हिश्श्याइतका. पण त्यालाच पाच-सहा तास जातात. सकाळी १० चे विमान असेल तर ७ वाजता विमानतळावर हजर हवे, म्हणजे रात्री एकलाच घर सोडावे लागते. विमान तिथल्या पावणेबाराला उतरते. तपासणी व सामान आटोपून देऱ्याच्या बाजारात पोहोचेपर्यंत तिथले दीड, म्हणजे आपले तीन वाजतात. घरापासून दुकानापर्यंत चौदा तास झाले! त्यातच जुन्या बाजारातली बरीच दुकाने दुपारी बंद असतात. "त्याच दिवशी सौदा करून परतू" म्हणणाऱ्याच्या माथी एका रात्रीचे हॉटेलभाडे बसते.

घड्याळही फसवते. दुबईची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. जाताना दीड तास मिळाल्यासारखा वाटतो, परतताना तो वळता होतो. रात्री १० ला निघालेले विमान मुंबईत दुसऱ्या तारखेला, पहाटे दोननंतर उतरते. तिकिटावर १५ तारीख व वेळ ००.३० असेल, तर १४ च्या रात्रीच विमानतळ गाठावा लागतो. ही चूक आम्ही स्वतः केली आहे. तिकीट तर बुडालेच, पण ठरलेली भेटही हुकली व तो गिऱ्हाईक पुन्हा जोडता आला नाही.

आणखी एक गोष्ट. २०२५ साली नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. दुबईतही दोन विमानतळ आहेत. नुसते "मुंबई-दुबई" वाचून निघू नये; कोणता विमानतळ, हे एजंटकडून लिहून घ्यावे.

मालाची किंमत ठरवताना सूत, रंग, मजुरी आपण पैशापैशाने मोजतो. मग आपलाच वेळ फुकट का धरावा? जाण्यायेण्याचे दोन दिवस, गाडीभाडे व मुक्काम हे सारे सौद्याच्या खर्चात धरा. तरीही नफा उरत असेल तरच विमानात बसा. नाहीतर आधी नमुने पाठवा व बोलणी फोनवर करा.