टाळ वाजत असेल, तर ऐका

माऊली, थोडे कडू वाटेल, पण बोलतो. दिंडीप्रमुख सर्वांच्या पाया पडतात, म्हणून ते नम्र, असे आपण मानतो. एवढ्याने भागत नाही. खरी परीक्षा निर्णयाच्या वेळी होते.

ज्ञानोबारायांच्या पालखी सोहळ्यातील समाजआरती आठवा. तळावर दिंड्या गोलाकार उभ्या असतात. चोपदार चोप उंचावतात आणि सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, ती मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो. आरती त्यानंतर.

आता आपल्या दिंडीत पाहा. भिशी किती, ट्रक कोणाचा, राहुट्या कुठे, पंगत केव्हा, हे सारे बहुतेक ठिकाणी एकटा माणूस ठरवतो. डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बाईला अंघोळीच्या पाण्याची आणि आडोशाची अडचण सर्वांत आधी कळते. जागा ठरवताना तिला विचारतो कोण? तिला माऊली म्हणायचे आणि तिचे मत घ्यायचे नाही, ही कसली नम्रता?

कोणी म्हणेल, शंभर जणांना विचारले तर शिस्त मोडेल. मग समाजआरतीतली शांतता कुठून येते? आपले गाऱ्हाणे ऐकले जाईल हा विश्वास असतो, म्हणून चोप वर होताच टाळ थांबतात. भीतीने गप्प बसलेली दिंडी शिस्तीची नसते. ती पुढच्या वर्षी निम्मी होते.

नुसते विचारून ठरवायचे ते स्वतःच, हेही नको. स्वयंपाक करणाऱ्यांना शिध्याचा निर्णय द्या. मुक्कामाची जागा पायी चालणाऱ्यांना, त्यातही बायकांना ठरवू द्या. जमाखर्च सर्वांसमोर वाचा. त्यांचे चुकले तर? चुकू द्या, आपलेही चुकतेच.

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा संपला की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. देणारा मग तारेवर बोट ठेवायला येत नाही. प्रमुखपणही असेच सोपवता आले पाहिजे.

यंदा प्रस्थानापूर्वीच्या बैठकीत प्रमुखांनी शेवटी बोलावे. आणि माऊली, आपले गाऱ्हाणे असेल तर आपणही टाळ थांबवू नका.

रामकृष्ण हरी.