मोबाइल टॉवर गावात येतोय? किरणांइतकाच जनरेटरचा आवाजही मोजा!

गावात मोबाइल टॉवर येणार म्हटले की लगेच दोन गट पडतात. एक गट म्हणतो, रेंजअभावी ई-पीक पाहणी अपलोड होत नाही, रेशन दुकानात मशीन अडते, टॉवर हवाच. दुसरा म्हणतो, किरणांनी कॅन्सर होतो, टॉवर नकोच. परतूर तालुक्यातील वाटूरसारखे फाट्यावरचे गाव असो की मुंबईतील सोसायटी, वाद हाच. या गदारोळात टॉवरखाली रात्री धडधडणारा जनरेटर मात्र विसरला जातो. त्यामुळे परवानगीची चर्चा सुरू होण्याआधी दोन्ही गोष्टींचे मोजमाप समजून घ्यायला हवे.

किरणांची मर्यादा किती?

भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. त्यानुसार ९०० मेगाहर्ट्झसाठी ०.४५, १८०० मेगाहर्ट्झसाठी ०.९ आणि २००० मेगाहर्ट्झच्या पुढे १ वॉट प्रति चौरस मीटर अशी मर्यादा ठरली. एकाच टॉवरवर अनेक कंपन्यांचे अँटेना असतील तर सगळ्यांचा एकत्रित हिशेब धरावा लागतो.

घरापर्यंत किती पोहोचते?

समजा, २० वॉटच्या ट्रान्समीटरला एका दिशेने सुमारे ५० पट झोत देणारा अँटेना जोडला आहे. या झोताच्या अगदी समोर, ५० मीटरवर साधारण ०.०३ वॉट प्रति चौरस मीटर इतकी ऊर्जा पोहोचते, म्हणजे ०.४५ च्या मर्यादेपेक्षा सुमारे १४ पट कमी. अंतर दुप्पट झाले की ती चौथा हिस्सा उरते. झोत आडवा जात असल्याने टॉवरच्या पायथ्याशी तो कमीच असतो. काळजी घ्यायची ती अँटेनाच्या उंचीवर, अगदी समोर येणाऱ्या गच्ची-माळ्याची.

दुसरी बाजूही आहे. टॉवर लांब असला की फोन स्वतःची ताकद वाढवतो, आणि तो तर कानालाच लावलेला असतो.

मग कॅन्सरची भीती खोटी का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना '२-बी' गटात टाकले. याचा अर्थ कॅन्सरची शक्यता नाकारता येत नाही, पण पुरावा मर्यादित आहे. त्यामुळे भीती उडवून लावू नये आणि अफवेवर निर्णयही घेऊ नये. मोजून बघावे, हाच मार्ग.

आवाजाचे काय?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दुसरीकडे, आवाजरोधक पेटीतील जनरेटरला १ मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत मुभा आहे.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो. या ढोबळ हिशेबाने ७५ डेसिबलचा जनरेटर ८ मीटरवर ५७, १६ मीटरवर ५१ आणि ३२ मीटरवर ४५ डेसिबल ऐकू येतो. म्हणजे जनरेटर नियमात बसणारा असला तरी ३० मीटरच्या आतल्या घराची रात्रीची मर्यादा मोडू शकतो. पेटीचे दार उघडे राहिले किंवा समोर भिंत असली, तर आवाज आणखी वाढतो. मर्यादा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त ओलांडली गेली तर नागरिकाला तक्रार करता येते. वरच्या हिशेबात ८ मीटरवरचे घर त्यात बसते.

गावाने काय करावे?

- टॉवर सुरू होण्यापूर्वी दूरसंचार विभागाला दिलेल्या स्वयंप्रमाणपत्राची प्रत मागावी.
- जनरेटर घरांपासून किमान ३५ मीटर लांब, धूर वस्तीच्या विरुद्ध दिशेला, ही अट ठरावातच लिहून घ्यावी. वीजजोडणी आणि पुरेशी बॅटरी आधी, जनरेटर शेवटचा पर्याय, हेही नोंदवावे.
- टॉवर येण्यापूर्वी आणि आल्यानंतर, रात्री, जवळच्या घरासमोर आवाज मोजावा. मोबाइल अॅपचा आकडा अंदाजापुरता. तक्रारीसाठी अधिकृत मोजणी हवी.
- लहरींबाबत शंका असल्यास दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर मोजणीची मागणी करता येते. २०१७ मध्ये पोर्टल सुरू झाले तेव्हा शुल्क ४ हजार रुपये होते. चार घरांनी मिळून ते भरणे अवघड नाही.

टॉवर अडवल्याने गावाची रेंज जाते. डोळे झाकून परवानगी दिली तर शेजारच्या घराची झोप जाते, आणि भाडे मात्र जागामालकालाच मिळते. म्हणूनच ग्रामसभेत 'हवा की नको' यावर हात वर करण्याआधी 'कुठे आणि कोणत्या अटींवर' हे ठरले पाहिजे. एकदा पाया भरला की जनरेटर हलवायला कुणी येत नाही.