सामू सातवर आला, पुढे?

चुना टाकून सामू सातवर आणला की टेलिंग तलावाचे काम संपले, असे मानणारे आपल्या व्यवसायात अजून पुष्कळ आहेत. त्यांनी आस्नालकोयारकडे पुन्हा एकदा पाहावे.

दक्षिण स्पेनमधल्या या खाणीचा बांध २५ एप्रिल १९९८ रोजी फुटला. आम्ल पाणी आणि पायराइटचा काळा गाळ ग्वादियामार नदीतून दोन्यानाच्या पाणथळ रानाच्या उंबऱ्याशी पोचला. चार हजारांहून अधिक हेक्टर जमीन बाधित झाली. गाळात जस्त आणि शिसे होतेच. आर्सेनिक अर्ध्या टक्क्याच्या घरात, शिवाय कॅडमियम आणि थॅलियम. गाळ खरवडून जुन्या उघड्या खाणीत टाकला गेला, तरी मातीत मिसळलेला थोडा राहिलाच. हवा लागताच त्यातल्या पायराइटचे ऑक्सिडीकरण होऊन गंधकाम्ल सुटू लागले. चुनखडीच्या मातीने ते पचवले. जिथे चुनखडी नव्हती तिथे सामू कोसळला आणि जस्त-कॅडमियम मोकळे झाले.

मग बीटच्या साखर कारखान्यांतला चुन्याचा गाळ पसरण्यात आला. पण आर्सेनिकची तऱ्हा उलटी. जस्त, कॅडमियम, शिसे धनभारित. सामू चढला की ती मातीच्या कणांना चिकटतात. आर्सेनेट ऋणभारित, सामू आठच्या पुढे गेला की लोहाच्या ऑक्साइडवरून ते सुटू लागते. म्हणून तिथे चुन्याच्या जोडीला लोहयुक्त तांबडी मातीही मिसळली गेली. (हे वाचून कोणी आपल्याकडची प्रेसमड मागवू नये. सल्फिटेशन कारखान्यांच्या प्रेसमडमध्ये कार्बोनेट कमी आणि सेंद्रिय द्रव्य भरपूर. ओल्या तलावात त्यावर जिवाणू पोसतात, लोहाचे क्षपण होते आणि लोहाला धरून बसलेले आर्सेनिक पाण्यात उतरते.)

पाण्याच्या आच्छादनातही हाच धोका आहे. ताजे टेलिंग्ज पाण्याखाली ठेवणे योग्यच, कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. पण वर्षानुवर्षे उघड्यावर तांबडे पडलेले टेलिंग्ज नंतर बुडवले, तर लोहाने धरून ठेवलेले आर्सेनिक आपण आपल्या हाताने सोडतो. आच्छादनाचा निर्णय ढिगाचे वय पाहून व्हावा; आमच्या मते तो बहुतेकदा पाण्याच्या सोयीवरून होतो.

आपल्याकडे मलांजखंडचे तांबे ग्रॅनाइटी खडकात आहे, तिथे आम्ल मारणारे फारसे काही नाही. जावरचे जस्त-शिसे डोलोमाइटात. तिथले पाणी उदासीन राहील, पण त्यावर विसंबता येत नाही. जस्ताचे हायड्रॉक्साइड नीट खाली बसायला सामू नऊच्या आसपास लागतो.

तेव्हा एकूण धातूचा आकडा आणि एकदा मोजलेला सामू एवढ्यावर तलाव बंद करण्याचा आराखडा कोणी मंजूर करू नये. क्रमवार निष्कर्षण, आम्ल-क्षार हिशेब, छिद्रजलाचा रेडॉक्स आणि आर्सेनिकची दोन्ही रूपे वेगवेगळी मोजलेली हवीत, तीही खोलीनुसार. ज्या वाचकांकडे एकाच विंधनातल्या पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या नोंदी असतील, त्यांनी त्या पाठवाव्यात. सामू सात असूनही आर्सेनिक चढलेले असेल, तर त्या नोंदी आम्ही आधी छापू.